स्मशानालाही वेस असते

मेल्यावर राजा काय नि रंक काय, सगळे सारखेच! हे वाक्य आपण कीर्तनात ऐकलेलं असतं, एस.टी.त शेजारी बसलेल्या आजोबांकडून ऐकलेलं असतं, आणि मान डोलावून मोकळे झालेलो असतो. पण मित्रांनो, एखाद्या रात्री मेसचं जेवण झालं की कट्ट्यावर एक साधा प्रश्न टाकून बघा : तुमच्या गावात स्मशानभूमी किती? कुणी म्हणेल एक, कुणी दोन, कुणी तीन. एखादा म्हणेल, "आमच्याकडं स्मशानभूमीच नाही, ज्याचं त्याचं शेत." मग दुसरा प्रश्न विचारा, की दोन असतील तर दोन का? इथं मात्र कट्टा जरा गप्प होतो.

त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा हा प्रयत्न आहे. विषय जड आहे, मान्य. पण त्यात इतिहास आहे, कायदा आहे, आणि सिव्हिलवाल्यांच्या कामाला येईल असं थोडं इंजिनिअरिंगही आहे.

सुरुवात लांबून करू. न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटनच्या दक्षिण भागात १९९१ साली एका ३४ मजली सरकारी इमारतीचं काम निघालं. पाया खणायला घेतला तर खाली माणसांचे सांगाडे लागले. एक-दोन नव्हेत, शेकड्यांनी! जुन्या नकाशात त्या जागी 'निग्रोंचं दफनस्थान' अशी नोंद होती. पण दोनशे वर्षांत वर भराव पडला, रस्ते झाले, इमारती झाल्या, तेव्हा खाली आता काय शिल्लक असणार, असा हिशेब सगळ्यांनी केला होता. प्रत्यक्षात त्या भरावानेच थडगी राखली होती.

ही जागा वेगळी का होती? तर १६९७ मध्ये तिथल्या ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात काळ्या माणसांना पुरायला बंदी केली. तेव्हा ते शहर मोठ्या प्रमाणावर गुलामांच्या श्रमावर उभं राहत होतं. म्हणजे बंदर बांधायला, लाकूड तोडायला, घरकामाला माणूस चालतो, पण मेल्यावर त्याने गावाबाहेर जायचं. १७९४ च्या सुमारास ती जागा बंद होईपर्यंत तिथे अंदाजे पंधरा हजार माणसं पुरली गेली असावीत असं मानतात. १९९१-९२ च्या खोदकामात ४१९ जणांचे अवशेष निघाले. कृष्णवर्णीय नागरिकांनी जोरदार आंदोलन केलं, जागेच्या काही भागावरचं बांधकाम थांबलं, हॉवर्ड विद्यापीठात अवशेषांचा अभ्यास झाला आणि २००३ मध्ये ते सन्मानाने पुन्हा तिथेच पुरण्यात आले. २००६ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं.

आणि हे फक्त गुलामांच्या काळातलं नाही बरं का. अमेरिकेतली सर्वांत मानाची लष्करी दफनभूमी म्हणजे आर्लिंग्टन. तिथेही काळ्या सैनिकांसाठी वेगळे विभाग होते. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवणारा आदेश काढला, तेव्हा कुठे थडग्यांमधला भेद संपला. दोन महायुद्धं लढून झाली होती तोपर्यंत.

फ्लोरिडातल्या टँपा शहराची गोष्ट तर आपल्या पोरांनी जरूर वाचावी अशी आहे. तिथे १९०१ मध्ये सुरू झालेली झायन नावाची काळ्या लोकांची दफनभूमी हळूहळू नकाशावरून गायब झाली आणि तिच्यावर घरं उभी राहिली. २०१९ मध्ये तिचा शोध लागला तो जमीन न उकरता, ग्राउंड पेनिट्रेटिंग रडारने.

हे रडार चालतं कसं? एक अँटेना गवत कापायच्या यंत्रासारखी जमिनीवरून ढकलत न्यायची. ती खाली रेडिओ लहरींचे झटके सोडते. खाली जिथे मातीचा गुणधर्म बदलतो, म्हणजे घट्ट जमिनीत मधेच उकरून भरलेली भुसभुशीत माती, पोकळी, लाकूड, दगड वगैरे, तिथून प्रतिध्वनी परत येतो. किती वेळाने आला त्यावरून खोली काढायची. मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ९ धरला तर लहरीचा वेग प्रकाशवेगाच्या एक तृतीयांश, म्हणजे नॅनोसेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर. प्रतिध्वनी ३० नॅनोसेकंदांनी आला तर जाऊन-येऊन ३ मीटर, म्हणजे वस्तू दीड मीटर खाली. थडग्याची खोली साधारण तेवढीच! पडद्यावर ते उलट्या टोपलीसारख्या वक्ररेषेत दिसतं. एक अडचण मात्र आहे. ओल्या काळ्या मातीत चिकणमातीचा अंश जास्त, त्यामुळे लहरी लवकर विरतात. आपल्या पारनेर तालुक्यातल्या मुरमाड माळावर हे यंत्र बरं चालेल, नदीकाठच्या काळ्या रानात तितकं नाही.

असो. आता घराकडे येऊ.

आपण सहलीला 'चांदबिबीचा महाल' बघायला जातो. तो महाल नाहीच, ते थडगं आहे, निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याचं. नगर शहर आणि त्याचा परिसर असा थडग्यांनी भरलेला आहे. पण आपल्या विषयाला जास्त जवळचा माणूस म्हणजे मलिक अंबर. जन्म इथिओपियातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ता-करविता झाला. १६२४ ची भातवडीची लढाई त्याने मारली ती नगरजवळच. १६२६ मध्ये तो वारला आणि खुलताबादला, सुफी संतांच्या दर्ग्यांच्या गावात, घुमटाखाली विसावला. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या जागी डचांची वसाहत होती आणि तिथे पहिले आफ्रिकन गुलाम उतरत होते. त्यांच्या पुढच्या पिढ्यांना चर्चच्या आवारातही जागा मिळाली नाही, आणि इकडे एका हबशी गुलामाला घुमट! यावरून आपल्याकडे सगळं आलबेल होतं असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. इथे रंगाची वेस नव्हती. दुसरी होती, तिच्याकडे येतोच.

रंगाची वेस इथे आणली ती इंग्रजांनी. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने नगरचं शहर आणि मग किल्ला घेतला. पुढे भिंगारला छावणी वसली. छावणी म्हटली की परेडचं मैदान, चर्च आणि कबरस्तान या तीन गोष्टी आल्याच. हिंदुस्थानात जागोजागी अशा दफनभूमीला लोक 'गोरा कबरस्तान' म्हणत आले. नावातच सगळं आलं. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं आणि पुढे जिल्ह्यात बरेच लोक ख्रिस्ती झाले, त्यात महार आणि मांग समाजातले पुष्कळ. धर्म एक, प्रार्थना एक. पण बहुतेक छावण्यांत गोऱ्या सैनिकांचं कबरस्तान वेगळं आणि देशी ख्रिस्ती मंडळींचं वेगळं. दक्षिणेत तर याच्याही पुढची पायरी आहे. तिरुचिरापल्लीच्या एका जुन्या कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या थडग्यांमध्ये चक्क भिंत घातलेली आहे. इंग्रज आणि फ्रेंच निघून गेले, भिंतीची सवय राहिली.

गोऱ्या सरकारने एक गोष्ट मात्र वरकरणी फार चांगली केली होती. पहिल्या महायुद्धात माणसं लाखांनी मेली, तेव्हा १९१७ मध्ये इंपिरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन नावाची संस्था निघाली. आजची कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ती हीच. तत्त्व असं ठरलं की जनरल असो की साधा शिपाई, सगळ्यांचा दगड एकाच मापाचा : उंची २ फूट ८ इंच, रुंदी १ फूट ३ इंच, जाडी ३ इंच. ज्याचं प्रेत सापडलं नाही त्याचं नाव भिंतीवर कोरायचं. पद, वर्ण, धर्म काही बघायचं नाही. पुण्यात खडकीला या संस्थेची दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या ठिकाणी कायमच्या देखभालीची खात्री नव्हती तिथून कबरी हलवून ती केली. आत पहिल्या महायुद्धाचंही स्मारक आहे, आणि इथे भारतात मरण पावलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचंही. नगर-पुणे गाडीने शिवाजीनगरला उतरणाऱ्यांना तिथे जायला फार वेळ लागत नाही. शांत, नीट कापलेली हिरवळ. बघून यावं.

पण मग या समतेचा हिशेब एप्रिल २०२१ मध्ये त्या संस्थेनेच नेमलेल्या समितीने मांडला. हिशेब वाईट निघाला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ हजार ते ५४ हजार मृतांना असमान वागणूक मिळाली होती. म्हणजे स्वतंत्र दगड नाही, सामुदायिक नोंद केली, किंवा नाव फक्त एखाद्या वहीत. आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावानिशी नोंद झालीच नाही, किंवा मुळीच नोंद झाली नाही. ही माणसं कोण? बहुतांशी आफ्रिकेतले, इजिप्तमधले आणि हिंदुस्थानातले. कारणं काय दिली होती तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी? की या लोकांना थडग्याच्या दगडाचं महत्त्व कळणार नाही! ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत याबद्दल माफी मागितली.

यात आपला मराठी माणूस थेट आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढायला गेली ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कुतला ही फौज उपासमारीने शरण गेली आणि पुढे कैदेत हजारांनी मेली. त्या आघाडीचं स्मारक बसऱ्याला झालं. गोरा साधा सोजीरसुद्धा तिथे नावानिशी आहे. हिंदी लोकांपैकी नावं कोरली ती अधिकाऱ्यांची, आणि हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या. फ्रान्समध्ये नव शापेलला १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचं स्मारक झालं तिथे मात्र साध्या शिपायांचीही नावं आहेत, ४,७०० च्या वर. म्हणजे युरोपातल्या लोकांच्या नजरेसमोर एक नियम आणि वाळवंटात दुसरा.

गंमत बघा. आपण पुण्याला जाताना कोरेगाव भीमाला जो स्तंभ लागतो, तो १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. तो उभारला कंपनी सरकारने, त्यांच्या विजयासाठी, हे उघडच आहे. पण त्याच्यावर साध्या शिपायांची नावं कोरलेली आहेत आणि 'नाक' हा प्रत्यय लागलेली, म्हणजे महार शिपायांची नावं त्यात बरीच आहेत. शंभर वर्षांनंतर, छपाई आणि रेल्वे आणि तारायंत्र सगळं हाताशी असताना, बसऱ्याला तेच सरकार शिपायाचं नाव लिहायला तयार नव्हतं. दगडावर नाव असणं म्हणजे काय असतं, हे दर १ जानेवारीला त्या स्तंभापाशी जमणारी गर्दी सांगते. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे गेले होते ते त्या नावांसाठीच.

त्याच भागात वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे आणि गोविंद गोपाळ यांचीही. महाराजांचे अंत्यसंस्कार कुणी केले यावर गावात आणि इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि मी त्यात न्यायाधीश होणार नाही. पण डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या एका फलकावरून तिथे तणाव झाला आणि १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाला दंगल उसळली, एका तरुणाचा जीव गेला. १६८९ सालच्या मृत्यूच्या वेळी खांदा कुणी दिला, हा प्रश्न सव्वातीनशे वर्षांनी माणसं मारू शकतो. तेव्हा स्मशान हा मागे पडलेला विषय आहे असं कुणी म्हणू नये.

आता गावात येऊ. कुठलंही गाव घ्या, मुद्दाम नाव घेत नाही. ओढ्याच्या काठाला एक स्मशानभूमी असते, तिला पत्र्याचं शेड असतं, बसायला ओटा असतो, कधी पाण्याची टाकी असते. आणि तिथून दोन-तीनशे मीटरवर, बहुधा ओढ्याच्या खालच्या अंगाला, दुसरी जागा असते. तिथे बाभळी असतात. शेड असलंच तर उशिरा झालेलं असतं. पाण्यासाठी वरचा-खालचा पाणवठा जसा, तसाच हा प्रकार. वरच्या धारेला कोण आणि खालच्या धारेला कोण, हे सांगायची गरज नाही.

कुणी म्हणतं, "अहो, यात भेदभाव काय? ज्याची त्याची पद्धत वेगळी." हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून नीट बघू. आपल्याकडे पुरायची चाल पुष्कळ समाजांत आहे. लिंगायत बसवून पुरतात. गोसावी, नाथपंथी समाधी देतात. महार समाजातही पूर्वी पुरण्याचीच चाल मोठी होती. आणि दात न आलेलं मूल गेलं तर कुणाच्याही घरचं असो, पुरतातच. तेव्हा दहनाची जागा आणि दफनाची जागा वेगळी, इथपर्यंत समजू शकतं. पण जिथे दोन्हीकडे सरणच रचतात, लाकूड तेच, गोवऱ्या त्याच, मडकं तेच, तिथे दोन जागा का? याचं उत्तर पद्धतीत मिळत नाही, गावगाड्यात मिळतं.

गावगाड्यात मरण ही सुद्धा कामाची वाटणी होती. गावात कुणी वारलं की परगावच्या नातेवाइकांना सांगावा घेऊन जायचं काम महाराचं. मोबाईल नव्हते, तार परवडत नव्हती, उन्हातान्हात दहा-पंधरा कोस चालत जायचं आणि ज्याच्या दारात जायचं त्याच्या उंबऱ्याबाहेरून बातमी सांगायची. सरणाला लाकडं वाहून न्यायची तीही त्यानेच. मोबदला म्हणून प्रेतावरचं कापड. बावन्न हक्क म्हणून जी यादी सांगतात तिच्यात हे कापडही आहे. 'हक्क' हा शब्द इथे कसा वापरलाय बघा! ज्याच्या खांद्यावर सरणाची लाकडं त्या ठिकाणी यायची, त्याला स्वतःला त्या ठिकाणी जळायची मुभा नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं ते या बांधलेपणातून माणसं सोडवायला. वतनं कायद्याने गेली ती मात्र १९५८ च्या कायद्यानंतर. त्याआधीच पुष्कळ गावांत लोकांनी सांगावा न्यायचं आणि कापड घ्यायचं आपणहून बंद केलं होतं, आणि त्यासाठी गावाचे बहिष्कारही सोसले होते. मसणजोगी नावाची भटकी जमात तर स्मशानाच्या आधारानेच जगणारी. तिचं नावच तिथून आलेलं.

काम बंद झालं, जागा मात्र जिथल्या तिथे राहिल्या. का राहिल्या, याची कारणं आज साधी, व्यवहारी दिसतात, म्हणूनच ती पकडणं अवघड जातं.

एक म्हणजे शेत. आपल्या भागात बागायतदार असो की जिरायतदार, ज्याला जमीन आहे तो आपल्या मळ्यात अग्नी देतो. वस्तीवर राहणाऱ्यांना ते सोयीचंही असतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, यात जात कुठे आली? पण ज्याला गुंठाभर जमीन नाही त्याने काय करायचं? त्याला सार्वजनिक जागाच हवी. म्हणजे गावातल्या वजनदार लोकांना सार्वजनिक स्मशानभूमीची गरजच उरत नाही, आणि जिची त्यांना गरज नाही तिच्यासाठी ग्रामसभेत कोण भांडणार? सुप्यासारख्या ठिकाणी एमआयडीसी आली, हायवे रुंद झाला, जमिनीला सोन्याचा भाव आला. अशा वेळी गावाच्या मोकळ्या जागांचे बांध आत सरकायला लागतात. सर्वांत आधी सरकतो तो ज्याच्या कडेला कुणी उभं राहत नाही त्या जागेचा बांध. आणि पालांवर राहणारे भटके-विमुक्त? त्यांचं नाव कुठल्याच गावच्या कागदावर धड नाही. प्रेत घेऊन ते या गावाच्या हद्दीतून त्या गावाच्या हद्दीत फिरल्याच्या बातम्या आपण वाचतो. "कुठल्या गावचे तुम्ही?" हा प्रश्न जिवंतपणी नुसता अपमानाचा असतो, मेल्यावर त्याला उत्तर नसेल तर खड्डाही मिळत नाही.

दुसरं कारण रस्ता. स्मशानभूमी कागदावर असते, पण तिथे जायची वाट कुणाच्या तरी शेतातून जाते. पेरणी झाली की वाट बंद. इथे वेल्लोरची गोष्ट सांगितली पाहिजे. तामिळनाडूत वेल्लोर जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ मध्ये पालार नदीकाठच्या दफनस्थानाकडे जाणारी वाट सवर्णांच्या शेतांनी अडवलेली होती. शेवटी दलित वस्तीतल्या लोकांनी एका माणसाचं प्रेत तिरडीसकट दोर लावून सुमारे वीस फुटी पुलावरून खाली सोडलं. त्याचं चित्रण देशभर दाखवलं गेलं. मद्रास उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. प्रशासनाने काय केलं, तर दलितांसाठी वेगळी अर्धा एकर जागा दिली. तेव्हा न्यायालयाने उलटा प्रश्न केला, की वेगळी जागा देऊन सरकारच हा भेद पुढे चालवतंय की काय? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्याकडेही सरकारी पैशातून एका गावात दोन शेड उभी राहतात आणि दोन्हीकडे नारळ फुटतो. सुविधा मिळाली हे खरं. वेस मात्र सिमेंटमध्ये पक्की झाली.

कायदा याबाबत अजिबात संदिग्ध नाही. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. १९५५ च्या कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, नदी, विहीर, घाट, रस्ता यांच्या यादीतच दहनभूमी आणि दफनभूमी हे शब्द स्पष्ट लिहिलेत. तिथे अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणं हा गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. स्मशानभूमी इतरांच्या बरोबरीने वापरू न देणं तिच्यात आलं, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाकडून थडगं खणून घेणं, मेलेलं जनावर ओढून घेणं, हेही गुन्ह्यात आलं. म्हणजे कापडाचा तो जुना 'हक्क' कायद्याने शेवटी गुन्हा ठरवला.

तरीही २००६ मध्ये अकरा राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी पुस्तकरूपाने आली, त्यात दलितांना अडवण्याच्या जागांत देऊळ आणि पाणवठ्याबरोबर स्मशानही होतंच. पाण्यासाठी आपल्याकडे डॉ. बाबा आढावांनी १९७२ पासून 'एक गाव, एक पाणवठा' मोहीम चालवली, गावोगाव फिरून. स्मशानभूमीसाठी तशी घोषणा अधूनमधून ऐकू येते, काही ग्रामपंचायतींनी ठरावही केलेत, पण तेवढी नेटाची चळवळ झाली नाही. माझ्या मते याचं एक कारण असं, की पाणी रोज लागतं आणि स्मशान घरात दहा-वीस वर्षांनी एकदा. त्या दिवशी माणूस भांडायच्या स्थितीत नसतो. जिथे जागा दाखवतील तिथे तो जातो.

धर्मावरूनही हेच. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये एका ख्रिस्ती माणसाला गावात पुरू देईनात, म्हणून मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रेत तीन आठवडे शवागारात. २७ जानेवारी २०२५ ला दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि प्रेत आणखी थांबू नये म्हणून वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात दफन करायचा आदेश झाला.

आता आपल्या कामाचं. स्मशानभूमीचं काम हे ग्रामपंचायतीच्या कायदेशीर कामांपैकी एक आहे आणि जनसुविधा योजनेतून त्याला पैसे मिळतात. आपल्यापैकी कुणी पुढे झेडपीच्या बांधकाम विभागात जाईल, कुणी ठेकेदारी करेल. एस्टिमेटमध्ये शेड, ओटा, लोखंडी दहन जाळी, कंपाउंड हे सगळं बसवतात, कारण ते फोटोत दिसतं. पोहोच रस्ता बहुधा राहून जातो, कारण त्याला भूसंपादन लागतं आणि भांडण लागतं. एका सरणाला तीन-चार क्विंटल लाकूड लागतं. ते ट्रॅक्टरने जाईल एवढी, निदान तीन मीटरची वाट नसेल तर शेडला अर्थ नाही. पुराची रेषा बघायची. दफनाची जागा असेल तर पावसाळ्यातली भूजल पातळी बघायची, थडग्याच्या तळापासून ती चांगली खाली हवी आणि पिण्याची विहीर लांब हवी. पारनेरकडच्या माळावर उलटी अडचण. दोन-तीन फुटांवर कातळ लागतो, पहारीने खणणाऱ्याचा जीव जातो. अशा जागा 'दफनभूमीसाठी योग्य' म्हणून कुणाच्या वाट्याला आल्या, हे सर्व्हेच्या वेळी कुणी विचारलेलं नसतं.

तुमच्या गावात दोन जागा का, हे शोधायचं असेल तर तलाठी कार्यालयातून सुरुवात करता येते. जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या २२ व्या कलमाखाली जिल्हाधिकारी सरकारी जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवू शकतात. गुरचरण, खळवाड, दहन-दफनभूमी आणि मेलेली जनावरं सोलायची जागा, सगळं त्याच कलमात. कुणाच्या खासगी गटात जुनं स्मशान असेल तर तेवढं क्षेत्र पोटखराब 'ब' वर्गात धरतात, त्यावर आकारणी नसते. गाव नकाशा, आकारबंद आणि त्या गटाचा सातबारा एकमेकांशेजारी ठेवायचा, क्षेत्र जुळतं का बघायचं, मग टेप घेऊन जागेवर जायचं. नकाशातली वाट पायाखाली सापडते का, की तिथे कुणाचा ऊस उभा आहे, हे तिथे कळतं. जाताना वस्तीवरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यावं. कुठल्या बाभळीखाली कोण आहे, हे कागदावर नसतं, त्यांनाच माहीत असतं.